जुनी मोटार: मूळ रूपात आणायची की बदलायची, हे ठरवायचं कसं

जुनी गाडी दारात आली की पहिल्याच सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवायला लागतात. आधी बंपर निघतो, मग दिवे, मग सीटा. संध्याकाळपर्यंत अर्धी गाडी जमिनीवर पसरलेली असते आणि या गाडीचं नेमकं करायचं काय, हे अजून ठरलेलंच नसतं. ती कारखान्यातून निघाली तशी पुन्हा उभी करायची, की बाहेरचं रूप ठेवून आतून आजच्या काळाची करायची? या छंदात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो, की पाना जरा खाली ठेवा. हे ठरवायचं काम गाडी उघडण्याआधीचं आहे. ज्या क्रमाने मी स्वतः विचार करतो, तोच क्रम खाली दिला आहे.

गाडी आहे तशी बघा, आणि शक्य असेल तर चालवा

सुरुवात फोटोंपासून करा. बॉनेटखालचा प्रत्येक कोपरा, वायरी कुठून कुठे जातात ते, डॅशबोर्डची मागची बाजू, डिकीतल्या रबरी चटईखालचा पत्रा, दाराच्या आतल्या पट्ट्या, कारखान्याने लावलेले स्टिकर, खडूच्या खुणा. शेदोनशे फोटो झाले तरी जास्त नाहीत. पुढे काहीही ठरलं तरी हे फोटो उपयोगी पडतात, कारण एकदा उतरवलेली वायर मूळची कशी बांधलेली होती ते दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

गाडी चालू असेल तर निदान काही महिने ती आहे तशी चालवा. त्याआधी तीन गोष्टी मात्र करायलाच हव्यात. पहिलं, टायर. त्यावर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ही पद्धत २००० सालापासूनची आहे, त्यामुळे तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला आहे असं समजा. नक्षी कितीही खोल दिसो, तो बदला. दुसरं, ब्रेक फ्लुइड. ते हवेतलं पाणी शोषतं आणि आतून सिलिंडर गंजवतं, म्हणून ते बदला आणि चाकांजवळचे रबरी पाइप चिरलेले नाहीत ना ते पाहा. तिसरं, पेट्रोलचे पाइप. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, भेगाळतं. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल सोसणारे नवे पाइप घाला. दिसायला तसेच असतात आणि मूळपणाला काहीच धक्का लागत नाही.

हे काही महिने चालवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्रेक कमजोर आहेत म्हणून बदलायचे ठरवलेले असतात आणि नीट ॲडजस्ट केल्यावर तेच ड्रम ब्रेक अगदी समाधानकारक निघतात. स्टिअरिंग सैल आहे असं वाटतं, प्रत्यक्षात एक बुश (सांध्यातलं झिजणारं कडं) गेलेलं असतं. झिजलेली जुनी गाडी आणि सुस्थितीतली जुनी गाडी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पुष्कळ लोक झिजलेली गाडी चालवून बघतात, दोष मूळ रचनेच्या माथी मारतात आणि बदल करत सुटतात.

वाटा दोन नाहीत, तीन आहेत

रिस्टोअर की मॉडिफाय, असा प्रश्न सगळे विचारतात. तिसरी वाट असते जतनाची, म्हणजे आहे ते राखायचं, सडणं थांबवायचं, यंत्र सुस्थितीत ठेवायचं आणि काळाच्या खुणा पुसायच्या नाहीत. फिकट झालेला मूळ रंग, पन्नास वर्षं माणसं बसून मऊ झालेलं चामडं, हे नव्याने कोणालाही बनवता येत नाही. जुन्या वाहनांच्या क्लबांची जागतिक संघटना 'फिवा' १९६६ साली स्थापन झाली. तिने २०१२ मध्ये मान्य केलेल्या 'ट्यूरिन सनदे'त जतनाला असंच मानाचं स्थान दिलं आहे. आधी जतन, आणि ज्या ठिकाणी खरंच गरज आहे तिथेच जीर्णोद्धार, असा तिचा कल आहे.

ही दृष्टी प्रदर्शनांतही रुजली आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच इथल्या जुन्या गाड्यांच्या नामांकित स्पर्धेत वर्षानुवर्षं आरशासारखा रंग चढवलेल्या गाड्याच सर्वोच्च मान मिळवत. २०२४ मध्ये तो मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला, आणि ती गाडी जतन केलेली होती, नव्याने घडवलेली नव्हती. असं तिथे पहिल्यांदाच झालं. तुमच्या गाडीचा मूळ रंग आणि आतलं सामान बऱ्यापैकी शिल्लक असेल, तर पुढचं सगळं वाचण्याआधी या वाटेचा मनापासून विचार करा. खर्चही हिलाच सर्वांत कमी लागतो.

रिस्टोअर करणं म्हणजे गाडी ठरावीक काळच्या रूपात, त्याच साहित्याने आणि पद्धतीने परत आणणं. मॉडिफाय करणं म्हणजे मालकाच्या गरजेप्रमाणे यंत्र, ब्रेक, सस्पेन्शन किंवा रूप बदलणं. ज्याला हल्ली रेस्टोमॉड म्हणतात ते या दोहोंच्या मधलं: बाहेरून जुनी, आतून नवी.

गाडीची ओळख पटवा

इथे घाई झाली की नुकसान कायमचं होतं. गाडीवरचा चासी नंबर, इंजिन नंबर, बॉडीवरच्या पाट्या आणि कागदपत्रं एकमेकांशी जुळतात का ते पाहा. अमेरिकेत १९८१ पासून सतरा अक्षरी ओळख क्रमांक ठरलेला आहे. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली तऱ्हा असे, त्यामुळे तुमच्या मॉडेलचा क्रमांक कसा वाचायचा ते शोधावं लागेल. अनेक कंपन्यांचे वारसा विभाग आणि संग्रह जुन्या नोंदी तपासून प्रमाणपत्र देतात: गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, आतलं कापड कोणतं, कोणतं इंजिन होतं. हा कागद रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी मागवा.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, गाडी किती दुर्मीळ आहे. फोक्सवॅगन बीटल २००३ मध्ये थांबली तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक बनल्या. मूळ मिनी १९५९ ते २००० या काळात सुमारे ५३ लाख बनल्या. अशा गाडीच्या साध्या मॉडेलमध्ये बदल केल्याने इतिहासाचं काही अडत नाही. पण त्याच मिनीची साठच्या दशकातली अस्सल कूपर एस (तिचं वेगवान रूप) हाती आली असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. तिथे प्रत्येक बोल्ट जपून ठेवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीचं मूळपण आधीच किती हरवलं आहे. इंजिन दुसऱ्या गाडीचं, रंग तिसऱ्यांदा दिलेला, डॅशबोर्ड कापलेला, आतलं सगळं नव्याने शिवलेलं, अशी गाडी मूळ रूपात नेणं म्हणजे सुट्या भागांतून नवीच गाडी जुळवणं. बदल करायचे असतील तर त्यासाठी अशीच गाडी निवडावी. मला वाईट वाटतं ते उलट प्रकार पाहताना: पन्नास वर्षं सांभाळलेली, सगळे नंबर जुळणारी गाडी कोणीतरी केवळ एसी आणि मोठ्या चाकांसाठी कापून टाकतो. ती व्यक्ती थोडी थांबली असती, तर आधीच हात लागलेली त्याच मॉडेलची दुसरी गाडी कमी पैशांत मिळाली असती.

पत्रा, पत्रा आणि पुन्हा पत्रा

नवख्या माणसाचं लक्ष इंजिनाकडे जातं, कारण आवाज तिथून येतो. मी मात्र आधी गाडीखाली शिरतो. इंजिन कितीही गेलेलं असलं तरी ते उतरवून टेबलावर ठेवता येतं, बोअर वाढवता येतो, क्रँक घासता येतो, त्याचा अंदाज बांधता येतो. गंजाचं तसं नाही. तो आत किती शिरलाय ते कापल्याशिवाय कळत नाही.

लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, दाराखालचे उंबरठे यांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. आकडा एकदम हजाराच्या पुढे गेला तर तिथे पुट्टीचा थर आहे. मग जॅक लावायच्या जागा, स्प्रिंगच्या पाट्यांचे आणि शॉकॲबसॉर्बरचे टेकू, दारांच्या बिजागऱ्यांचे खांब, पुढच्या काचेखालचा पन्हाळीचा भाग, बॅटरीखालचा ट्रे आणि पायांखालचा तळाचा पत्रा बोथट स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहा. दार उघडून ते वरखाली हलवा. बिजागरी घट्ट असूनही खांबच हलत असेल तर काम मोठं आहे.

इथे गाडीची रचना कळायला हवी. स्वतंत्र चासी असलेल्या गाडीची बॉडी वर उचलता येते आणि खालचा सांगाडा वेगळा दुरुस्त करता येतो. पण बॉडी आणि चासी एकच असलेल्या गाडीत दाराखालचे उंबरठे हेच गाडीचा कणा असतात. तिथला पत्रा कापताना आधार नीट दिला नाही तर गाडी मधून वाकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. उघड्या टपाच्या गाड्यांत हा धोका दुप्पट, कारण वर छप्पर नसल्याने सगळा भार खालच्या पत्र्यावरच असतो.

यातला जो मुद्दा नवख्यांच्या लक्षात येत नाही तो असा, की गंजाचं काम दोन्ही वाटांवर सारखंच करावं लागतं. मूळ भाग शोधायला नकोत म्हणून बदल स्वस्त पडतील, ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे. पण सडलेल्या पत्र्यावर दुप्पट ताकदीचं इंजिन बसवता येत नाही. उलट त्याला जास्त मजबुती लागते. म्हणून पत्र्याच्या कामाचा अंदाज आधी काढा आणि तो दोन्ही हिशेबांत तसाच मांडा. उरलेल्या पैशांत काय बसतं ते त्यानंतर दिसेल. एमजीबीसारख्या काही गाड्यांची आख्खी बॉडीदेखील मूळ साच्यांवर नवी बनून मिळते. ज्या गाडीला दार किंवा फेंडरही मिळत नाही, तिच्या बाबतीत फक्त पत्र्याच्या कारणानेच निर्णय फिरू शकतो.

तुम्ही ती चालवणार कशी?

कागद घ्या आणि खरं लिहा. वर्षाला किती किलोमीटर? रात्री, पावसात, वेगवान रस्त्यावर? बरोबर कोण बसणार? मागे लहान मुलं बसणार असतील आणि गाडीला सुरक्षेचे पट्टे (सीट बेल्ट) अडकवायच्या जागाच नसतील, तर मूळपणाचा आग्रह बाजूला ठेवा. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोने १९५९ मध्ये आणला, पण पुढे कित्येक वर्षं बहुतेक गाड्या पट्ट्याविना निघत होत्या. पट्टा बसवताना बोल्टमागे जाड पोलादी तबकडी वेल्ड करावी लागते. नुसत्या पत्र्यात अडकवलेला पट्टा धडकेत पत्र्यासकट निघून येतो.

ब्रेकचंही तसंच आहे. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच हायड्रॉलिक मार्ग असे. एक पाइप फुटला की पेडल थेट तळाला जातं. अमेरिकेत १९६८ पासून दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले. वर्षातून चार सकाळी फिरवायच्या गाडीला उत्तम स्थितीतले मूळ ब्रेक पुरतात. रोज वाहत्या रस्त्यावर न्यायच्या गाडीला मी दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलात पोचवणारा भाग) बसवायला सांगेन, अगदी दुर्मीळ गाडी असली तरीही. जुना सिलिंडर कापडात गुंडाळून ठेवा, हवा तेव्हा परत बसतो.

प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारा: हे परत मूळचं करता येईल का?

गाडीचा एकच सरसकट निर्णय घेण्याऐवजी मी एकेका भागाचा निर्णय घेतो, आणि परत फिरता येणं ही माझी कसोटी आहे.

काही बदल एका दुपारी काढून टाकता येतात. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीखाली पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर बाहेरून कळतही नाही. हेडलाइटला रिले लावला की सगळा प्रवाह जुन्या नाजूक बटणातून जात नाही आणि दिवे स्पष्ट उजळतात. रेडिएटरवर विजेचा पंखा, आकाराने जुळणारे रेडियल टायर, गिअरबॉक्सचं चांगलं तेल-सील, हे सगळं याच गटातलं. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर हाही चांगला बदल आहे, कारण इंजिन मंद फिरत असताना डायनॅमो जवळजवळ चार्ज करतच नाही. फक्त एक खबरदारी घ्या: अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आधी ते उलटं करून घ्यावं लागतं, नाहीतर अल्टरनेटर क्षणात जळतो.

मधल्या गटात पुढचे डिस्क ब्रेक आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स येतात. हे बोल्टवर बसले आणि मूळ पत्रा कापावा लागला नाही, तर परत फिरता येतं. विकत घेण्याआधी विक्रेत्याला थेट विचारा, की बसवताना कुठे कापावं, भोक पाडावं, वेल्ड करावं लागतं का. डिस्क घातल्या की मास्टर सिलिंडरचं माप, बूस्टर आणि मागच्या चाकांना जाणारा दाब हेही जुळवावं लागतं. नुसत्या पुढच्या डिस्क बदलून मागची चाकं आधी लॉक होऊ लागली तर गाडी पूर्वीपेक्षा धोकादायक झाली.

आणि मग जे परत फिरत नाही ते. इंजिनामागची भिंत कापणं, गिअरबॉक्ससाठी मधला बोगदा रुंद करणं, चाकांच्या कमानी फुगवणं, छपराला खिडकी पाडणं, डॅशबोर्ड कापून स्क्रीन बसवणं. माझ्या पहिल्या गाडीच्या डॅशबोर्डला मी स्पीकरसाठी दोन भोकं पाडली होती. स्पीकर तीन वर्षांत गेले, भोकं आजही आहेत आणि तसा डॅशबोर्ड मला पुन्हा मिळालेला नाही. या गटातल्या प्रत्येक कामासाठी मी आता स्वतःला सहा महिन्यांची मुदत घालून घेतो.

जग्वारने २०१७ मध्ये ई-टाइपचं विजेवर चालणारं रूप दाखवलं, तेव्हा बॅटरी आणि मोटरचा संच मूळ इंजिनाच्या जागेत, जवळपास त्याच मापात आणि वजनात बसवला होता, म्हणजे हवं तेव्हा पेट्रोल इंजिन परत बसवता येईल. विजेवर गेलेली गाडी ऐतिहासिक म्हणून धरता येत नाही, असं फिवाचं मत आहे. तरी असा बदल करणाराने तो परत फिरवता येईल असा करावा आणि काढलेलं सगळं जपावं, असाही तिचा सल्ला आहे. तो मला पटतो. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घाला, त्यावर गाडीचा क्रमांक, तारीख आणि जागा लिहा, आणि गाडी विकाल तेव्हा ती पेटीही बरोबर द्या.

साखळी ओळखा

जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं ठरलं की पुढे काय होतं? वाढलेली ताकद जुना क्लच सोसत नाही. क्लच बदलला की गिअरबॉक्स कुरकुरतो. गिअरबॉक्स बदलला की प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते. मग मागचा ॲक्सल, मग रेडिएटर, मग पेट्रोलचा पंप आणि पाइप, मग ब्रेक, मग स्प्रिंग, आणि शेवटी वायरिंग. विक्रेत्याने सांगितलेली किंमत साखळीच्या फक्त पहिल्या कडीची असते. म्हणून मोठ्या बदलाचा हिशेब करताना त्या बदलामुळे ज्या ज्या भागावर ताण येईल त्या सगळ्यांची यादी करा, आणि यादी पानभर झाली तर मूळ इंजिनच उत्तम बांधून घेण्याचा खर्च शेजारी लिहून बघा. बऱ्याचदा तोच कमी निघतो. सुबक बांधलेलं मूळ इंजिन अनेकांना पुरेसं वाटेल, त्यांनी ते तशा स्थितीत कधी चालवलेलं नसतं एवढंच.

शिसं नसलेल्या पेट्रोलचीही भीती घातली जाते. जुन्या पेट्रोलमधलं शिसं बिडाच्या हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवत असे. हेड कधीतरी उतरेल तेव्हा कठीण धातूच्या सीट बसवून घ्या, प्रश्न मिटला. फक्त तेवढ्यासाठी इंजिन बदलायची गरज नाही.

कागद आणि पैसे

इंजिन, इंधन किंवा चासी बदलली की नोंदणीचे नियम आणि जुन्या वाहनांना मिळणाऱ्या सवलती बदलू शकतात. हे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तुमच्याकडे काय लागू आहे ते लेखी विचारून घ्या. विमा कंपनीलाही बदल आधी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर समोर आला तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

खर्चाचा जो आकडा निघेल त्यात मी निदान तिसरा हिस्सा वर धरतो. दुर्मीळ मॉडेल सोडलं तर कोणत्याही वाटेने घातलेले पैसे विक्रीत परत येतील असं धरू नका. मूळ रूपातली गाडी निदान कोणालाही मोजता येते, तिच्या बाजारभावाला आधार असतो. बदललेली गाडी तुमच्याच आवडीची दुसरी व्यक्ती भेटली तरच तिचं मोल होतं.

हात घालण्यापूर्वी

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासणं टाळा. दोन घटकांच्या आधुनिक रंगात आयसोसायनेट नावाची विषारी रसायनं असतात, त्यांना साधा मास्क पुरत नाही. ते काम बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क असलेल्या रंगाऱ्याकडे द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, खाली भक्कम स्टँड लावा.

एवढं करूनही ठरत नसेल, तर दोन्ही वाटांना लागणारी कामं आधी करा. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची बुशं, रेडिएटर आणि पाण्याचे पाइप, तडकलेली वायरिंग, तळाच्या पत्र्यातला आणि उंबरठ्यांतला गंज, आणि शेवटी पोकळ जागांत मेणाचा फवारा. गाडी एका वेळी एकाच ठिकाणी उघडा, ते पूर्ण करा, चालवा, मग पुढचं. यात सहज वर्ष-दीड वर्ष जाईल. तेवढ्यात गाडी तुम्हाला कुठे अडते आणि कुठे आवडते ते कळलेलं असेल, आणि बदलांची पहिली यादी काढून पाहिलीत तर तिच्यातल्या निम्म्या ओळी तुम्ही स्वतःच खोडाल.